कोपरावरचं हेल्मेट

मी एक जुनी डुकरीण आहे. हसू नका मित्रांनो, हे नाव मी घेतलेलं नाही. चार जाडजूड चाकं, वर घोड्यासारखी टांग टाकून बसायचं, हातात मोटरसायकलचं हँडल, अशी गाडी तुम्ही कुठल्यातरी किनाऱ्यावर वाळू उडवत जाताना पाहिली असेल. तीच मी. ग्रीसमधल्या आमच्या बेटावर आम्हाला सगळे डुकरीणच म्हणतात. बुटकी, रुंद, गुरगुरणारी आणि जिथे माणूस जात नाही तिथे तोंड खुपसणारी, म्हणून. नावाचा मला राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे आणि तो मी अजून गिळलेला नाही. आपली कहाणी सांगणारी जुनी यंत्रं शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात म्हणे. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती बोटीच्या पोटातली, डिझेलच्या वासाची. बंदरावर उतरले आणि थेट झाम्बेताच्या दुकानात उभी राहिले. ही झाम्बेता उन्हाळ्यात पाहुण्यांना गाड्या भाड्याने देते. बाई तोंडाने फटकळ, पण कामाला पक्की. दुकानामागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारून दाखवल्याशिवाय ती कुणाच्या हातात किल्ली ठेवत नसे. सीट एक, तर माणूस एक, हे तिचं दिवसभर चाललेलं असायचं. परदेशी पाहुणे मुकाट्याने ऐकायचे. आमची बेटावरची माणसं मात्र तिच्याकडे शिकायला कधी फिरकली नाहीत. आम्ही जन्मल्यापासून गाढवावर बसतोय, आम्हाला ही काय शिकवणार, असा एकूण तोरा.

आणि हेल्मेटचं तर विचारूच नका. आमच्याकडे हेल्मेट सगळ्यांकडे असतं. पण ते डोक्यावर नसतं, कोपरावर असतं. पट्ट्यात हात घालायचा, कोपरावर टोपलीसारखं अडकवायचं आणि निघायचं. डोक्यावर घातलं की उकडतं, केस बसतात आणि रस्त्यातला माणूस ओळखत नाही. नियम म्हणतो हेल्मेट हवं, तर हे काय आहे, असं वर तोंड करून विचारायचं. मला हसू यायचं या लोकांचं. पुढे ते हसू पार आटलं.

झाम्बेताकडून मला विकत घेतलं पांतेलिसने. हा शेळ्यावाला. डोंगराच्या पाठीमागे त्याचा गोठा, आणि त्याची बायको आर्गिरो चीज करायची. पांतेलिससारखा मालक मिळायला भाग्य लागतं, मित्रांनो. रोज संध्याकाळी माझ्या चाकांतले काटे काढायचा, तेल बघायचा, हवा बघायचा. वर्षाच्या सुरुवातीला पाद्रीबुवा पवित्र पाणी शिंपडायला आले, की गाढवांच्या रांगेत मलाही उभी करायचा. पाद्रीबुवांनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या, तर म्हणाला, दूध ही वाहते, मग पाणी हिला का नको? दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, आजारी करडू, सगळं मी वाहिलं. आर्गिरोने मला दारात बघितलं की ती ओट्यावरूनच ओरडायची, आली का तुझी लाडकी. त्यात राग नसायचा.

आता ऐका, काय झालं ते. गावात हे त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त मला आणि आणखी एकाला.

आमच्या बेटाच्या सगळ्यात उंच डोंगरावर संत इलियासचं देऊळ आहे. ऐन उन्हाळ्यात त्याचा सण येतो. अख्खं गाव वर जातं, हंड्यात बोकड शिजतो, सगळे एका पंगतीला बसतात. सणाच्या आदल्या दिवशी पांतेलिसने तो मोठा तांब्याचा हंडा माझ्या पुढच्या कॅरियरवर बांधला. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ स्त्रातिस आला. मलाही वर जायचंय म्हणाला, आणि चालायचा कंटाळा म्हणून मागच्या कॅरियरवर चढून बसला. पांतेलिस भावाला कधी नाही म्हणत नसे. चढ सुरू झाला तसे त्याला दोन्ही हात हवे झाले. त्याने कोपरावरचं हेल्मेट काढून मागे स्त्रातिसकडे दिलं.

देवळाच्या अलीकडे वाट आडव्या उतारावरून जाते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. पांतेलिस जपून चालला होता. वरच्या अंगाला झुकला होता, जसं झुकायला हवं तसंच. माझं खालचं चाक एका दगडावरून जरा घसरलं. एवढंच. तेवढ्याने मी उलटले नसते, आजही शपथेवर सांगते. पण मागचे साहेब घाबरले. हेल्मेट छातीशी कवटाळून त्यांनी डोंगराच्या अंगाला उडी मारली, आणि उडीसाठी जोर घेतला तो माझ्याच अंगावर दोन्ही पाय रोवून. त्या लाथेने मी गेले. हंडा खणखणत समुद्रात गेला. मी दोन कोलांट्या खाऊन एका खडकाला अडकले आणि पांतेलिस माझ्याखाली होता.

स्त्रातिस वरून बघत होता. त्याच्या अंगावर धूळसुद्धा नव्हती.

तो गावात धावत गेला आणि म्हणाला, मी वर देवळात झाडत होतो, आवाज ऐकून आलो, डुकरिणीने माझ्या भावाला खाल्लं. हेल्मेट त्याने आर्गिरोच्या हातात दिलं. खडकात पडलं होतं, म्हणाला. बघ वहिनी, देवाची करणी, एक ओरखडा नाही. ती बिचारी ते हेल्मेट छातीशी धरून रडली, आणि मग घरातल्या देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलं. तिथे दिवा असायचा.

मला ओढून आणली आणि अंगणात डाळिंबाखाली टाकून दिली. तिथून सुरू झाले माझे वाईट दिवस. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. येणाराजाणारा म्हणायचा, हीच का ती. आर्गिरो रोज सकाळी बाहेर यायची आणि जाड काठीने मला बडवायची. आधी दिवे फोडले, मग आरसा. आणि स्त्रातिस. हा माणूस रोज फाटकातून आत यायचा, वहिनीची विचारपूस करायचा, आणि जाता जाता माझ्यावर थुंकायचा. नेमका हँडलवर, जिथे त्याच्या भावाचे हात असायचे. मी तेव्हाच ठरवलं की याला सोडायचं नाही. पण मला ना तोंड, ना पाय. चावीशिवाय मी गुरगुरूसुद्धा शकत नाही.

आर्गिरोने नवस बोलला. पुढच्या सणाला, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, या डुकरिणीला त्याच कड्यावरून समुद्रात ढकलीन, माझ्या हाताने. स्त्रातिसला तर हर्ष झाला. तो म्हणाला, वहिनी, तू कशाला त्रास घेतेस, किल्ली दे, मी उद्याच ढकलून येतो. त्याला मी नको होते ना डोळ्यांसमोर. पण आर्गिरो हट्टी. माणूस माझा, हात माझा, असं म्हणून तिने त्याला वाटेला लावला. पंचाईत एकच होती. त्या शेळ्यांच्या वाटेवर मला ओढत न्यायला कुठलं गाढव तयार होणार? मला चालवतच न्यायला हवं होतं. आणि आर्गिरोने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

ती झाम्बेताकडे गेली. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. झाम्बेता आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली, कोंबडी हाकलली आणि म्हणाली, "अगं बाई, जिला मारायचंय तिच्यावर बसायला शिकणार तू?"

"शिकव. बाकी विचारू नकोस," आर्गिरो म्हणाली.

झाम्बेताने मला दुरुस्त केलं. हळहळत केलं, एवढं खरं. मग मला गावाबाहेरच्या जुन्या खळ्यावर नेलं. पूर्वी तिथे बैल फिरवून गव्हाची मळणी व्हायची. गोल, सपाट, दगडी फरशीचं, भोवती बुटका कठडा. नव्या माणसाने शिकायचं तर सपाटीवर, झाम्बेता म्हणाली, डोंगर कुठे पळून जात नाही. आधी इंजिन बंद ठेवून नुसतं बसवलं. रेस अंगठ्याने द्यायची, मनगटाने नाही. हळू दाबायची, कुणाच्या गालाला हात लावतो तशी. पाय कायम पायठेवणीवर. घाबरून पाय खाली टेकवलास, तर मागचं चाक तुझ्याच पोटरीवरून जाईल, मग मी दवाखान्यात डबा घेऊन येणार नाही. आर्गिरोला वहाणा घालून आलेली बघून तिने तशीच परत पाठवली आणि घोट्यापर्यंतचे बूट घालायला लावले.

मग सुरू झाल्या फेऱ्या. मित्रांनो, मी तिला अजिबात साथ दिली नाही. कशाला देऊ? माझे दिवे फोडणारी बाई. पहिल्या झटक्याला मी अशी उसळले की तिची टोपी मागे पडली. तिने मला शिव्या दिल्या, मी धूर सोडला. दोघीही एकमेकींचा सूड घ्यायला बसलो होतो. झाम्बेता कठड्यावर बसून थंड कॉफी पीत म्हणायची, बैल बरा होता गं, निदान गोल तरी फिरायचा.

पण आर्गिरो सोडणारी नव्हती. रोज पहाटे दूध काढून यायची. वळताना आतल्या बाजूला झुकायला शिकली. चढावर अंग पुढे टाकायला, उतारावर मागे सरायला शिकली. ब्रेक एकदम न आवळता दाबत न्यायला शिकली. आडव्या उताराचं झाम्बेता तिला पुन्हा पुन्हा घोकून घ्यायची. गाडी खालच्या बाजूला कलली, की तू वरच्या बाजूला कल. जमत नसेल तर उतर आणि सरळ वाट शोध. आणि मागे कुणाला बसवायचं नाही, सख्ख्या आईलासुद्धा नाही. तुझ्या अंगाचा तोल तुझ्या हातात असतो, मागच्याचा नसतो. हे ऐकून आर्गिरोने एकदा गाडीच थांबवली. पांतेलिस एकटाच होता, म्हणाली, मग का पडला? झाम्बेताने तिला पुढची फेरी मारायला लावली. मी उत्तर द्यायला तडफडत होते, पण देणार कशी?

हेल्मेटवरून मात्र दोघींचं रोज वाजायचं. झाम्बेताने तिला दुकानातलं एक हेल्मेट दिलं होतं. आर्गिरो ते घालायची, आणि झाम्बेताची पाठ वळली की काढून कोपरावर अडकवायची. सगळं बेट करतं तेच. एक दिवस झाम्बेता बंदरावर बोट आली म्हणून निघून गेली. आर्गिरोने लगेच हेल्मेट कोपरावर घेतलं आणि फेरी मारायला लागली. कोपरावरचं हेल्मेट लोंबकळून हँडलला अडकलं, अंगठा दाबला गेला आणि आम्ही दोघी कठड्याला धडकलो. वेग गोगलगायीचा होता. मी हळूच एका अंगावर कलंडले, ती शेजारी फरशीवर पडली. हेल्मेट असलेला हात खाली आला आणि खर्रकन आवाज झाला.

ती उठून बसली. खरचटलं होतं थोडं. तिने हेल्मेट हातात घेतलं. त्याच्या एका अंगाला कानापासून हनुवटीपर्यंत पांढरा, खोल ओरखडा पडला होता. ती त्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिने मला उठवून उभी केली, स्वतः खांदा लावून. तो पहिला दिवस, जेव्हा तिने मला मारलं नाही.

घरी आल्यावर तिने मला दाराशीच उभी केली, म्हणून मला आतलं दिसलं. तसबिरीशेजारचं पांतेलिसचं हेल्मेट तिने खाली काढलं, दुकानातलं हेल्मेट त्याच्या शेजारी ठेवलं, आणि ती दोन्हींकडे बघत राहिली. एक गोगलगायीच्या वेगाने फरशीवर आपटलेलं. दुसरं म्हणे डोंगरावरून दोन कोलांट्या खाऊन आलेलं, पडताना पांतेलिसचा जो हात कोपरात मोडला होता, त्याच कोपरावरचं. आणि ते आरशासारखं लखलखीत. वर्षभर ती ज्याला देवाची करणी म्हणत होती ते तिच्या हातात होतं, आणि तिला कळत होतं की हे हेल्मेट त्या दिवशी पडलंच नव्हतं. कुणीतरी ते जपून धरलं होतं.

ते तिला कुणी आणून दिलं, हे तिला आठवायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमलं. प्रेमाबिमाने नाही, उगाच डोळे पुसू नका. आमचा शत्रू एक झाला होता. आता ती हेल्मेट डोक्यावर घालायची, पट्टा हनुवटीखाली आवळायची. मी तिच्या अंगठ्याला लोण्यासारखी चालायला लागले. झाम्बेताने विचारलं, काय गं, डुकरिणीशी तह झाला का? आर्गिरो म्हणाली, नवस फेडायचाय, नीट चालवता यायला हवी. एवढंच. स्त्रातिस रोज यायचा तसाच येत राहिला, थुंकायचा तसाच थुंकत राहिला. ती त्याला कॉफी करून द्यायची. तिच्या पोटात काय आहे, हे तिने एका शब्दाने बाहेर येऊ दिलं नाही. मला तर वाटलं, ही माझ्यापेक्षाही लोखंडी आहे.

सण आला. त्या वर्षी सणाचा यजमान होता स्त्रातिस. आमच्याकडे यजमान सगळ्या गावाला जेवू घालतो आणि देवाची तसबीर वर्षभरासाठी आपल्या घरी नेतो. भावाच्या आठवणीसाठी मी हा मान घेतोय, असं त्याने चारचौघांत डोळे पुसत सांगितलं होतं. आर्गिरो मला घेऊन एकटीच वर आली. हळू, वरच्या अंगाला झुकून. आडव्या उतारावरून जाताना तिचा श्वास मला ऐकू येत होता. मागच्या कॅरियरला तिने ती मला बडवायची काठी बांधली होती आणि पांतेलिसचं हेल्मेट.

प्रार्थना झाली. वर्षश्राद्धाचे उकडलेले गहू, साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून, सगळ्यांना वाटले. मग सगळा गाव देवळाबाहेर जमला, डुकरीण समुद्रात पडताना बघायला. आर्गिरो माझ्यावर बसली आणि मागे वळून म्हणाली, "स्त्रातिस भाऊजी, माझ्या एकटीच्याने ही ढकलवणार नाही. मागे बसा. कड्यापर्यंत चला."

गर्दीत उभी असलेली झाम्बेता दचकून पुढे आली. मागे कुणाला बसवायचं नाही, हे तिनेच घोकून घेतलं होतं. आर्गिरोने तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती थांबली. स्त्रातिस म्हणाला, मी चालत येतो. पण लोक हसले. अरे जा की, भावाचा सूड घ्यायचाय ना, बस. यजमानाला नाही म्हणता येईना. तो चढून बसला. मला त्याचं वजन लगेच ओळखू आलं.

आर्गिरोने पांतेलिसचं हेल्मेट मागे केलं. "हे धरा. मला दोन्ही हात लागतात."

त्याने ते घेतलं. विचार न करता छातीशी कवटाळलं, अगदी तसंच. आम्ही सपाटीवरूनच निघालो, माणूस चालेल इतक्या हळू. उतार जिथे सुरू होतो तिथपर्यंत आलो. अजून चारही चाकं सपाटीवर होती. तिथे आर्गिरोने हँडल जरासं समुद्राकडे वळवलं आणि मी, मित्रांनो, माझ्या सगळ्या जन्माचा राग एकवटून एकदाच गुरगुरले.

त्याने उडी मारली. डोंगराच्या अंगाला, दोन्ही पाय माझ्या अंगावर रोवून, हेल्मेट छातीशी धरून. आर्गिरो ब्रेक दाबून तयार बसली होती, मी जागची हलले नाही. तो मात्र सगळ्या गावासमोर, सपाट जमिनीवर, उभ्या गाडीवरून उडी मारून हेल्मेट सांभाळत उभा होता.

आर्गिरो खाली उतरली, त्याच्याजवळ गेली, हेल्मेट त्याच्या हातातून घेऊन सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "ओरखडा नाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षीही नव्हता."

पाद्रीबुवांच्या हातातलं धूपपात्र हलायचं थांबलं. स्त्रातिसने लोकांकडे बघितलं, मग झाम्बेताकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे त्याने वर्षभरात पहिल्यांदाच नीट बघितलं. शेवटी म्हणाला, "वहिनी, मी घाबरलो होतो."

"घाबरलास ते मी सोडलं असतं," आर्गिरो म्हणाली. ती त्याला आधी अहोजाहो करायची, आता नाही. "घाबरून उडी मारलीस, तेही. पण माझ्या दारात येऊन तू रोज हिच्यावर थुंकत होतास."

मग तिने ते हेल्मेट त्याच्या कोपरावर अडकवलं, पट्टा नीट ओढून, आणि सांगितलं की हे आता तुझंच, तूच वाहा. मग माझ्यावर बसली, आपल्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि मला एकटीने त्या उतारावरून कड्यापर्यंत नेलं. खाली समुद्र होता. लोक श्वास रोखून उभे होते. तिने कॅरियरवरची काठी सोडली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काठी समुद्रात भिरकावली. नवस फिटला. माफी तिने मागितली नाही, मीही मनातून तिला माफ केलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या सीटवर एकही कोंबडी चढलेली नाही.

पंगतीला कुणी स्त्रातिसच्या बाजूला बसलं नाही. देवाची तसबीर पाद्रीबुवांनी आर्गिरोच्या हातात दिली आणि ती माझ्या पुढच्या कॅरियरवर, घोंगडीत गुंडाळून, घरी आली. संध्याकाळी उतरताना सगळ्यांची गाढवं आणि गाड्या स्त्रातिसच्या शेजारून पुढे गेल्या. थांबलं कुणीच नाही. तो चालत होता. हेल्मेट काढून टाकायला मोकळा होता, पण आमच्याकडच्या माणसाच्या कोपराला त्याची सवय असते.

आता मी पुन्हा दूध वाहते. झाम्बेताने मला नवे दिवे लावलेत. गावातली चारदोन माणसं हेल्मेट डोक्यावर घालायला लागली आहेत, बाकीची सुधारतील तेव्हा सुधारोत. तुम्ही कधी माझ्यासारखीवर बसलात, मित्रांनो, तर आधी सपाट जागा शोधा, शिकवणारं माणूस शोधा, बूट घाला, पाय वर ठेवा आणि अंगठा हलका ठेवा. आमची निगा राखा, आम्हीही तुमची राखतो. आणि मागे कुणी बसायला आलं, तर तो सख्खा भाऊ असला तरी नाही म्हणा. मागचा उडी मारून सुटतो. खाली राहतो तो चालवणारा, आणि खुनी म्हणून उरते मी.